पाटीवरचा आकडा

वांग्याला फूल यायचं आणि दुसऱ्या दिवशी गळून मातीत पडायचं, तेव्हा मला कळलं की या देशालाही दुष्काळ पडतो. साल दोन हजार अठरा. मी जूनमध्ये प्रतापकडे, जर्मनीत आले तेव्हा रस्त्याकडेचं गवत हिरवंगार होतं. जुलै निम्मा सरला आणि ते आमच्या माण तालुक्यातल्या माळासारखं झालं. पाय ठेवला की कडकड वाजायचं. टीव्हीवर ऱ्हाइन नदीचे उघडे पडलेले दगड दाखवायचे आणि बातम्या सांगणारी पोरगी असा चेहरा करायची, जसं काही तिच्या घरचंच कुणी गेलंय. मी म्हणायची, बाई, अजून तुझ्या नळाला पाणी आहे, तोंड सरळ कर.

प्रताप माझा धाकटा. गाड्यांच्या इंजिनांचं काम करतो. कचेरी डार्मश्टाटला, पण घर त्यानं पश्चिमेला, नदीच्या अंगाच्या एका गावात घेतलंय. गाव म्हणायचं आपलं. चौफेर कांदा नि बटाटा, पण शेणाचा वास नाही, रस्त्यात कोंबडं नाही. त्याची बायको निशिगंधा पुण्याची. पोरगी अन्वी, तिला मराठीत बोललेलं सगळं कळतं आणि उत्तर मात्र जर्मनमध्ये देते.

मला घरात बसवत नाही. म्हणून प्रतापनं फेराइनकडून बागेचा एक तुकडा घेतला. फेराइन म्हणजे मंडळ. गावाबाहेर त्यांची जागा आहे, प्रत्येकाला एकेक तुकडा, मधोमध सगळ्यांत मिळून एक बोअर आणि त्यावर मोटार. फाटकाशी काळी पाटी. क्राउस नावाचा म्हातारा रोज सकाळी बोअरमध्ये मोजपट्टी सोडायचा. पट्टीच्या टोकाला पितळेची शिट्टी. खाली पाण्याला टेकली की आपोआप वाजायची. ती वाजली की म्हातारा पट्टी धरून बघायचा, पाणी किती मीटर खाली आहे, आणि तो आकडा खडूनं पाटीवर लिहायचा. साडेचारच्या आत असला तर ज्यानं त्यानं आपल्या पाळीला मोटार लावून पाणी पाजावं. त्याच्या पुढं गेला तर मोटार बंद, हातपंपावर झारी भरायची. एवढा साधा कायदा, आणि तो सगळे पाळायचे. आमच्याकडे पाळीवरून डोकी फुटलेली मी पाहिलीत, म्हणून मला त्या पाटीचं फार कौतुक होतं.

क्राउसचं नि माझं पटत नसे. मी वाफ्यात पाणी सोडते ते त्याला बघवायचं नाही. तो झाडाच्या बुडाशी चमच्यानं पाजल्यासारखा पाजायचा. तो जर्मनमध्ये बोलायचा, मी मराठीत. भांडण दोघांनाही समजायचं. पण सकाळी लवकर गेले तर तो पट्टी माझ्या हातात द्यायचा. खालून, अंधारातून, बारीक शिट्टी यायची. विहिरीत पाखरू बसल्यासारखी.

निशिगंधा डार्मश्टाटमधल्या एका संस्थेत कामाला होती. ती काय करते ते मला तीन वर्षं नीट कळलं नव्हतं. आफ्रिकेत मलावी म्हणून देश आहे. तिथल्या एका जिल्ह्यात नदीच्या वरच्या गावांत माणसं नेमलेली. नदी किती चढली, पाऊस किती झाला, कुठला झरा आटला, कुठल्या डोंगरावर झाडं तुटली, ते बघून त्यांनी फोनवरून कळवायचं. ते सगळं एका नकाशावर उमटायचं. नदी ठीक असली की हिरवं, वाढायला लागली की पिवळं, घरदार सोडायची वेळ आली की लाल. तो नकाशा तिथल्या जिल्हा परिषदेच्या कचेरीत, भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर. तो बघून खालच्या गावांनी काय ते समजायचं.

"आता प्रोजेक्ट संपतंय, आई," निशिगंधा भाजी निवडता निवडता म्हणाली. "सप्टेंबरअखेर. पुढं ते त्यांच्या कौन्सिलनं चालवायचं. त्याचं युबरगाबे आहे, म्हणजे हस्तांतर. त्यांची एन्व्हायरन्मेंट ऑफिसर येतेय सही करायला. मी म्हटलं, हॉटेलपेक्षा आपल्याकडेच राहू दे."

माझी शाळा चौथीपर्यंत. पण पाच वर्षं मी सरपंच होते, तेव्हा हस्तांतर म्हणजे काय ते मला पुण्याच्या पोरीनं सांगायला नको. जीपमधून साहेब येतो, नारळ फुटतो, सही होते, जीप जाते, आणि दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह गळायला लागतो.

"आणि तिनं न्हाई केली सही, तर?"

"तर माझा रिपोर्ट अडकला. रिपोर्ट पुरा झाला तर पुढचं काम मला, नाहीतर माझं कॉन्ट्रॅक्टही सप्टेंबरलाच संपतं." तिनं देठ मोडून बाजूला टाकले. "करेल हो. सगळे करतात."

"मग हुईल की. माझ्या हातचं जेवून कुणी न्हाई म्हटल्याचं मला आठवत न्हाई."

बाई आली. नाव चिसोमो. पन्नाशीची, उंच, अंगानं भरलेली, गुडघे धरलेली. जिना चढताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवायची. केस पुरुषासारखे बारीक कापलेले. आणि काळी. "तव्याच्या बुडासारखी हाय की गं," मी म्हटलं. मनात नाही, तोंडानं. मराठी कुणाला कळतंय म्हणून वर निशिगंधाला सांगितलंही, "तिला त्यो जाड कप दे. आपल्यातला नको."

"आई!"

बाईनं जाड कप दोन्ही हातांनी घेतला. चहा सगळा प्याली. मग माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाली, "मेरी माँ का कप भी अलग था. शेठ की खिडकी में रहता था."

तिची आई गावातल्या गुजराती दुकानदाराच्या घरी धुणंभांडी करायची. ही त्याच दुकानामागच्या अंगणात वाढली. हिंदी मोडकी, पण होती.

"समदं कळतं का हिला?" मी निशिगंधाला विचारलं.

"थोडा थोडा," उत्तर चिसोमोनंच दिलं. "काला समझती हूँ. तवा भी."

मी उभ्या जन्मात कुणाची माफी मागितली नाही. तेव्हाही नाही मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाड कपात माझा चहा ओतला आणि तिच्यापुढं निशिगंधाच्या लग्नातल्या सेटमधला नक्षीचा कप ठेवला. तिनं दोन्ही कप नीट बघितले आणि साखर मागितली.

संस्थेत तिचं काम रोज नसे. ज्या दिवशी नसे त्या दिवशी ती माझ्याबरोबर बागेत यायची. पहिल्याच दिवशी बूट काढून फाटकाशी ठेवले आणि अनवाणी वाफ्यात शिरली. तिच्या टाचांना माझ्यासारख्याच भेगा. मी उकिडवी बसून खुरपायची, ती पाय ताठ ठेवून कमरेत वाकायची आणि आखूड दांड्याच्या कुदळीनं माती ओढायची. मला बघवेना.

"बैठो ना नीचे. कंबर मोडेगी."

"तुम बैठो, बूढ़ी. मेरा घुटना नहीं बैठता."

बूढ़ी! मला कुणी गावात असं म्हटलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण तिनं एवढ्या वेळात दोन वाफे ओढून टाकले होते. मी मुकाट पुढच्या वाफ्याला लागले.

माती भाजलेल्या पिठासारखी झाली होती. ओढली की धुरळा निघायचा, नाकात जायचा, घामाला चिकटायचा. गवार वीतभर होऊन थांबली होती. मिरचीची पानं दुपारी मिटायची. शेजारच्या तुकड्यातली फ्राउ लांगे, म्हणजे लांगेबाई, फेराइनची कारभारीण, टोपीखालून आमच्याकडे बघायची. एक लुगड्यातली आणि एक काळी, दोघी जमिनीशी झोंबतायत. तिनं एकदा फाटकापाशी चिसोमोला थांबवून बराच वेळ काहीतरी विचारलं. नंतर चिसोमो म्हणाली, तिला वाटलं मी तुमच्याकडे कामाला आहे.

"मग तू काय सांगितलंस?"

"बोली, बूढ़ी मेरे पास काम करती है."

त्याच दिवसांत क्राउस हातपंपापाशी कोसळला. उन्हानं. सकाळचा आकडा लिहून झाला होता, झारी भरायला वाकला आणि तसाच आडवा झाला. अँब्युलन्स आली. सगळे आपापल्या तुकड्यातून बाहेर येऊन टोप्या काढून उभे राहिले. मी त्याची झारी उचलून त्याच्या खोपीशी ठेवली. पाटीवर साडेतीन होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो, साडेतीन होतं. पाणी पाजलं. पुढच्या पाळीलाही साडेतीनच होतं. म्हटलं, वर एवढं ऊन, पण खाली पोटात पाणी टिकून आहे. चांगली जमीन आहे.

घरात मात्र सहीचं अडलं होतं. एका शनिवारी जेवताना निशिगंधानं विषय काढला. दोघी इंग्रजीत बोलायला लागल्या, मग मी ताटावर वाटी आपटली तेव्हा निशिगंधा मला सांगत सांगत बोलायला लागली.

"आई, ती म्हणते वरच्या गावांतल्या माणसांना फोनचं रिचार्ज आपण देत होतो, ते बंद झालं की ते कळवणं सोडतील. म्हणते, कौन्सिलनं ज्या क्लार्कला शिकवून तयार केलं त्याची बदली झाली. ती एकटी आहे, एक मोटरसायकल आहे, तिला पेट्रोल नाही. चेअरमन म्हणतो पुढच्या वर्षी बघू."

"मग खरंच हाय की ते."

"खरं आहे हो! पण हे तिनं वर्षापूर्वी सांगायला हवं होतं ना."

"बोला था," चिसोमो भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "तीन बार. उधर का नंबर सीधा मेरे ऑफिस दो. क्यों पहले जर्मनी आता है, रंग लगाता है, फिर वापस जाता है? नदी मेरे घर से दिखती है."

निशिगंधाचा चेहरा उतरला. आकडा आधी डार्मश्टाटला यायचा हे तिनंच बसवलेलं होतं. प्रताप मान खाली घालून जेवत होता. माझा हा पोरगा भांडण सुरू झालं की वरणात काय शोधतो देव जाणे.

"हे बघ, तो तांत्रिक भाग आहे," निशिगंधा म्हणाली. "सही फक्त फॉर्मॅलिटी आहे, चिसोमो."

"कागद पे लिखा है, हम चला सकते हैं. नहीं चला सकते. तो?"

तेव्हा मी मधे पडले. सून कशी का असेना, माझ्या घरची. "बघ बाई," मी म्हटलं, "इतके दिवस माझ्या घरी जेवतीस. तुझ्या एका सहीवर माझ्या सुनेची भाकरी हाय. तुझ्या गावाचं तू तिकडं जाऊन बघ की."

निशिगंधानं त्याचं इंग्रजी केलं नाही. करायची गरज पडली नाही.

"खाने का दाम सही है?" चिसोमोनं विचारलं. "शेठ भी ऐसा बोलता था." आणि ताटातली भाकरी, भाजी, ठेचा, सगळं हळूहळू संपवलं. उठून ताट स्वतः घासलं. अन्वी उठली, निशिगंधाला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली आणि खोलीत गेली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आज्जी चुकली." निशिगंधानं माझ्याकडे बघितलं नाही.

ऑगस्ट उजाडला. आमची पाळी होती. चिसोमो हातपंपावर झाऱ्या भरत होती, कारण मिरच्यांना तिच्या मते झारीनंच द्यायचं. मी मोटार लावून घेऊन वांग्याच्या वाफ्यात नळी सोडली होती. पाणी चांगलं धोधो येत होतं. मी वाकून सरी फोडत होते आणि मला आवाज बदललेला ऐकू आला.

पाणी ओढणाऱ्या मोटारीचा आवाज जड असतो. वारं ओढायला लागली की तो हलका होतो, मग चिरकतो. आमच्याकडे ज्याच्या विहिरीवर मोटार आहे त्याला हा आवाज झोपेतही उठवतो. मी खुरपं टाकून धावले. प्रतापचे जुने बूट पायात, लुगड्याचा बोंगा हातात, तशी. मोटारीच्या बटणाच्या पेटीला कुलूप. पाळीच्या सुरुवातीला फ्राउ लांगेनं पेटी उघडून, बटण दाबून, कुलूप लावून किल्ली नेली होती. मी पेटीवर मुठी मारल्या. नळीतनं फुर्र करून हवा आली, थोडा गढूळ थेंब आला आणि मग जळक्या वार्निशाचा वास. तो वास मला आईच्या हातच्या वासासारखा पाठ आहे. मोटार गेली.

माणसं गोळा झाली. फ्राउ लांगे किल्ली घेऊन आली, पेटी उघडली, धूर बाहेर आला. ती माझ्याकडे बघून बोलायला लागली. शब्द कळत नव्हते. हात कुठं जातोय ते कळत होतं. माझ्या वाफ्याकडे. ओल्या सरीकडे. माझ्याकडे. मग सगळे ओल्या सरीकडे बघायला लागले. त्या सबंध जळक्या माळात तेवढी एकच जागा काळी ओली होती.

प्रतापला फोन गेला. तो ऑफिसातून आला, इस्त्रीच्या शर्टात, आणि वाकून वाकून 'एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग' म्हणायला लागला. क्षमा मागतात तेव्हा ते असं म्हणतात, तेवढं मला येतं. माझा एवढा उंच पोरगा ज्याच्या त्याच्यापुढं वाकतोय ते मला सोसलं नाही.

"सरळ उभा ऱ्हा," मी ओरडले. "त्यांना म्हणावं पाटी बघा. पाटीवर काय हाय? साडेतीन हाय. साडेतीनला मोटार चालू. कायदा त्यांचा, आकडा त्यांचा."

प्रतापनं सांगितलं. सगळी मुंडकी पाटीकडे वळली. क्राउस दवाखान्यात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाटीवरचा आकडा क्राउसच लिहितो हेही सगळ्यांना ठाऊक होतं. ही दोन ठाऊकं एवढ्या दिवसांत एकमेकांना भेटलीच नव्हती. रोज येता जाता आम्ही सगळे त्या साडेतीनकडे बघत होतो, मीसुद्धा, आणि मनात म्हणत होतो, ठीक आहे. चांगल्या घोटीव अक्षरातला आकडा. त्याला तारीख नव्हती, वार नव्हता. शिळा आकडा ताज्यासारखाच दिसतो.

माझ्याकडे कुणी नीट बघितलं नाही. एकेक करून आपापल्या झारीकडे गेले. मोटार इंडियनांच्या पाळीत जळली, एवढं मात्र नंतर सबंध उन्हाळा त्या फाटकात ऐकू येत राहिलं.

चिसोमो दोन्ही हातांत भरलेल्या झाऱ्या घेऊन पाटीपुढं उभी होती. खाली ठेवायलाही विसरली होती. खांदे ताणले होते, पाणी तिच्या अनवाणी पायांवर सांडत होतं.

"ये मेरा नक्शा है," ती म्हणाली.

"काय?"

"मशीन मर गया, चलेगा. हम जानेंगे मर गया. लेकिन मेरा मशीन मरेगा, और हरा दिखेगा. आखरी नंबर, आखरी रंग. नीचे का आदमी आएगा, दीवार देखेगा, हरा. घर जाके सोएगा." तिनं झाऱ्या ठेवल्या. "इसलिए सही नहीं करती, बूढ़ी. मुझे बोलना नहीं आता था, क्यों."

मी पाटीपाशी गेले आणि पदरानं ते साडेतीन पुसलं. फ्राउ लांगे मागून ओरडली. प्रताप म्हणाला, आई, ती म्हणतेय ते क्राउसचं अक्षर होतं, त्याची आठवण होती. मी म्हटलं, आठवण घरी भिंतीवर लावा. पदर पांढरा झाला. तो तसाच खोचून मी वांग्याकडे गेले.

निशिगंधा कामावरून आली तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. मी तिला चपला काढू दिल्या आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या विचारलं.

"तुझा त्यो नकाशा. सप्टेंबरनंतर काय दाखवणार?"

"का हो, आई?"

"सांग."

"संस्थेला तो दोन वर्षं ठेवायचाय. दाखवायला, पुढच्या फंडिंगसाठी. शेवटचा डेटा असेल तो राहील."

"आणि तिच्या कचेरीतला?"

"तोच. एकच आहे तो."

"तिकडं सप्टेंबरात पाऊस असतो?"

"नाही. कोरडा महिना. पाऊस नोव्हेंबरनं..." ती थांबली. पर्स खांद्यावरून खाली आली, तिनं ती पडू दिली.

"म्हंजे समदी गावं हिरवी," मी म्हटलं. "पावसाळाभर."

ती खुर्चीवर बसली. बराच वेळ टेबलावरचं मीठ बोटानं गोळा करत राहिली. "तारीख असते आई, खाली कोपऱ्यात. बारीक."

"कोण बघतं?"

"मी कोण ते बंद करणारी? आमच्या साहेबांना दाखवायचाय तो नकाशा. मी नाही म्हटलं तर पुढचं काम गेलं. तुम्हीच तर तिला सही कर म्हणत होता."

"म्हणत होते. तुझं काम गेलेलं मला आवडायचं न्हाई. पण आज मोटार कुणाच्या पाळीत जळली ते बघितलंस ना? पाटी कुणी लिहिली ते कुणी विचारलं न्हाई. नकाशा तू बसवलास. तिकडं माणसं गेली की पाळी तुझी म्हणतील." मी भाकरीचं पीठ ओढलं. "मी सांगायचं ते सांगितलं. तुला लेक हाय, इथं घर हाय. तुझं तू बघ."

हस्तांतराच्या बैठकीला मी नव्हते. त्या दिवशी दोघी सकाळीच इस्त्रीचे कपडे घालून बसनं गेल्या आणि संध्याकाळी बसनंच परत आल्या. प्रतापनं मला नंतर सांगितलं. निशिगंधानं कागदात एक कलम घातलं होतं: सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी नकाशा बंद करायचा, इथला आणि तिथला. तिथल्या भिंतीवर काळा पडदा ठेवायचा आणि त्यांच्या भाषेत लिहायचं, इथं आता माहिती येत नाही, नदी स्वतः बघा. आणि वरच्या गावांतल्या माणसांचे फोन नंबर कचेरीबाहेरच्या भिंतीवर रंगानं लिहायचे, म्हणजे खालच्यांनी सरळ विचारावं. साहेब म्हणाले, काळा नकाशा दाखवून मला पैसे कोण देईल? चिसोमो म्हणाली, तर सही नाही. साहेबांनी निशिगंधाकडे बघितलं. निशिगंधा म्हणाली, तर रिपोर्टवर माझीही नाही.

शेवटी त्यांनी ते कलम ठेवलं. सही झाली. पुढचं काम दुसऱ्या कुणाला दिलं.

निशिगंधानं घरी येऊन हातपाय धुतले, ताटावर बसली. "गेलं, आई."

"जाऊ दे म्हणायची न्हाई मी. गेलं ते गेलंच." मी तिला तव्यावरची भाकरी वाढली, पापुद्रा फोडून तूप घातलं. "खा."

ती जेवली. जेवता जेवता नाक पुसत होती. ठेच्यानं, म्हणाली.

चिसोमो निघाली तेव्हा मी तिला माझं खुरपं दिलं. म्हसवडच्या लोहाराकडून घडवलेलं, विमानातून आणलेलं. तिनं धार अंगठ्यावर बघितली. "इसके लिए बैठना पड़ेगा."

"गुडघे दुखतील."

"दुखेंगे," ती म्हणाली आणि ते कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवलं.

मी ऑगस्टअखेर गावी आले. निशिगंधा हिवाळाभर घरी होती. दुसऱ्या नोकरीचं काही जमत नव्हतं आणि फोनवर तिचा आवाज कोरडा येई. मार्चमध्ये एका सकाळी तिचा फोन आला. तिकडं नदी आली होती.

वरच्या माणसांपैकी बहुतेकांनी कळवणं सोडलंच होतं; रिचार्ज कोण देणार? काळ्या पडद्यावरून चिसोमोला लोकांनी पावसाळाभर शिव्या घातल्या होत्या. चेअरमन म्हणाला होता, या बाईनं आमचा टीव्ही बंद पाडला. पण भिंतीवर काही दिसत नाही म्हणून खालच्या दोन गावांनी पुलावर आपली माणसं बसवली, पाळीपाळीनं. पाणी चढायला लागलं तशी त्यांनी आरोळी दिली. माणसं शेरडंकरडं सोडून टेकावरच्या शाळेत गेली. घरं गेली, मका गेला. तिसऱ्या गावानं कुणी बसवलं नव्हतं. तिथं माणसं वाहून गेली. चिसोमो चिखलातून मढी काढत होती, म्हणून निरोप उशिरा आला.

निशिगंधानं मला चिसोमोचा आवाज फोनवरून ऐकवला. घसा बसलेला होता. "बूढ़ी, काला दिखा तो आदमी उठा. सब नहीं उठा."

पुढं बरंच वारं वाहिल्याचा आवाज होता, मग संपलं.

त्या उन्हाळ्यात मी पुन्हा प्रतापकडे गेले. क्राउस हिवाळ्यातच वारला होता. नवी मोटार बसली होती. सकाळी लवकर उठून पट्टी सोडायला कुणी तयार नव्हतं, सगळ्यांना उशिरापर्यंत झोपायचं असतं. पहिल्याच आठवड्यात फ्राउ लांगेनं पट्टीची पिशवी आणून माझ्या पायाशी ठेवली आणि निघून गेली. तिच्याकडनं तेवढं पुष्कळ झालं.

रोज सकाळी मी शिट्टी खाली सोडली, वाजली की पट्टी बघितली आणि आकडा लिहिला. आकडे मला येतात. आकड्याखाली वार लिहायचा, तो जर्मनमध्ये लिहायला अन्वीनं शिकवलं. ज्या दिवशी ताप आला त्या दिवशी प्रतापला सांगितलं, जाऊन नुसती पाटी पुसून ये. तो म्हणाला, आई, काल आणि आजमध्ये काय फरक पडणार? मी म्हटलं, जळक्या मोटारीला विचार. गेला.

परतायच्या दिवशी बॅगा गाडीत चढल्या होत्या. विमान दुपारचं. मी म्हटलं, फाटकावरून घे. निशिगंधा माझ्याबरोबर उतरली, प्रताप गाडीतच बसला. फ्राउ लांगे झारी घेऊन उभी होती. मी हातपंपाखाली फडकं भिजवलं आणि पाटी पुसली. तिनं काहीतरी विचारलं.

"विचारतेय, उद्यापासून कोण लिहिणार," निशिगंधा म्हणाली.

"ते त्यांनी ठरवायचं. म्हणावं, कुणी लिहीपर्यंत मोटार बंद."

प्रतापनं हॉर्न वाजवला.

"आई, चला, उशीर होतोय. पुसली ना?"

"थांब," मी म्हटलं. ओली असताना पाटी कोरी दिसते आणि वाळली की पुसलेला आकडा पुन्हा पांढरा उमटतो. चौथीपर्यंत का होईना, मी शाळेत गेलेय. मी फडकं पिळून हातात धरलं आणि पाटी वाळेपर्यंत तिथंच उभी राहिले.